मागावर कोण बसलं

४ ऑगस्ट १९७२
ह्यांचा पाय मोडला. सायकलवर सूत आणताना गोळीबार चौकात पडले. प्लास्टर दसऱ्यापर्यंत. पायानं पावडी दाबता येत नाही म्हणजे माग बंद. आणि माग सोसायटीचा! दसऱ्याच्या प्रदर्शनात लुगडं दिलं नाही तर अध्यक्ष चंपतराव तो दुसऱ्याला देणार.

६ ऑगस्ट
म्हटलं, मी विणते. हे भडकले. "आपल्यात बाया कांड्या भरतात, मागावर नाही बसत. लोकं हासतीन."
"अन् माग गेल्यावर रडतीन काय?"
माहेरी बापूजी बाहेर गेले की मी हळूच मागावर बसायची. हात विसरले नसतील. विणणारच.

१० ऑगस्ट
दार लावून विणते. पहिलं वीतभर उसवावं लागलं. पुन्हा बसले.

२० ऑगस्ट
मी मागावर, तर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या कोण भरणार? शेजारच्या कांताबाईला बोलावलं तर मोहल्लाभर होईल. हे बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. तसेच पडून म्हणाले, "चरखा इकडे सरकव. कोणाले सांगू नको वं."
मी हसले नाही. हसू फार आलं होतं.

८ सप्टेंबर
कवडू विणकर दाराबाहेरून — "खटखट आयकू येते गा केशव. कोण विणून राहिलं?"
हे बाजेवरूनच ओरडले, "साळा आला हाय रामटेकहून."
माझा भाऊ! त्याचा पानठेला आहे. मागाला जन्मात हात लावलेला नाही.

१५ ऑक्टोबर
लुगड्याचा पहिला नंबर! माग राहिला. डोळ्यांत पाणी आलं.
चंपतराव मंडपात म्हणाले, "केशवचा साळा छुपा रुस्तम निघाला गा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
ज्याला कुणी मोजत नाही तो जिंकला की त्याला छुपा रुस्तम म्हणतात. पण मी कुठं लपले होते? लग्न झाल्यापासून मागाच्या बाजूलाच तर बसते. आणि रुस्तम कोण, तर पानठेलेवाला! फार राग आला. ह्यांना सांगितलं, परवा बक्षीस घेताना माझं नाव घ्यायचं. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

१७ ऑक्टोबर, दसरा
हे कुबडी टेकत माइकपर्यंत गेले. "लुगडं माह्या मनकर्णानं विणलं," म्हणाले. मंडपात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. हे खाली बसतील असं वाटलं.
बसले नाहीत. म्हणाले, "अन् कांड्या म्या भरल्या."