दोन संगीता

८ सप्टें., सोमवार
सकाळी सव्वानऊला दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन. किल्लारीची बाई, संगीता, सातवा महिना. काल घरी चक्कर येऊन पडली. जीपनं लातूरला आणली. रक्त फक्त ५.४. आपल्या लॅबचा बुधवारचा रिपोर्ट ११.२. "पाच दिवसांत निम्मं होतं का मॅडम?" म्हणाले. ऑपरेशन करून बाळ काढलं. बाराशे ग्रॅम. काचेत ठेवलंय.
रजिस्टर काढलं. बुधवारी दोन संगीता, दोघी किल्लारीच्याच. लेबलं उलटी लागली. दुसरी संगीता धडधाकट, तिला उगाच रक्तवाढीची इंजेक्शनं सुरू आहेत. तिला फोन केला आधी.
लेबलं विलासभाऊंची. बोलावलं. रजिस्टरवर बोट ठेवलं. "म्याच लावलेत मॅडम. दुसऱ्या कुणाचं न्हाई."
बस्स, एवढंच. मला काय वाटलं ते लिहायला बसले, पण काही वाटलंच नाही.

९ सप्टें.
नांदेडहून साहेबांचा फोन. लॅब त्यांची, लातूरची शाखा माझ्याकडं. "आजच्या आज त्यांच्याकडून लेखी घ्या. उद्यापासून घरी बसवा." मजकूरही त्यांनीच सांगितला, मी टाईप केला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे...'
विलासभाऊंनी न वाचता सही केली. पेनाचं टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं. मी नवीन होते तेव्हा रक्त कसं घ्यायचं ते यांनीच शिकवलं. तेव्हा ताई म्हणायचे. मी इन्चार्ज झाले त्या दिवसापासून मॅडम.
"वाचा तरी," मी म्हणाले.
"काय वाचायचं. खरंच हाय."

१० सप्टें.
विलासभाऊ नाहीत. फरजाना आणि सतीश, दोघंच उरले. कुणी काही विचारलं नाही. चहा झाला. नमुने ४७.
दुपारी मागची पानं चाळली. लेबल एकानं लावायचं, दुसऱ्यानं बघून सही करायची, असा आपला नियम. दुसऱ्या सहीचा रकाना जूनपासून कोरा. जूनमध्ये एक माणूस अहमदपूरच्या नव्या सेंटरला नेला, तेव्हा नांदेडला बैठकीत मीच म्हणाले होते, भागवू आम्ही.
ड्रॉवरमध्ये विलासभाऊंची जुलैची चिठ्ठी. 'सकाळी गर्दीत एकट्यानं होत नाही. दुसरा माणूस द्यावा.' खाली माझ्या अक्षरात : बघू.
जिथं होती तिथं परत ठेवली.

१२ सप्टें., शुक्र.
दवाखान्यात गेले. संगीताला रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. वाचली. भिंतीकडं तोंड करून पडली होती. सासू बाहेर जिन्यापाशी बसलेली.
"तुमीच का त्या लॅबच्या?"
"हो."
"येवढंच सांगा, मानूस झोपला व्हता का?"
"नाही. त्या दिवशी दोन संगीता होत्या."
"दोनच व्हत्या ना."
बाळाला काचेतून बघितलं. मुलगी आहे. नाकात नळी. घरी येऊन भाकरी केल्या, जेवले. ह्यांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही.

१३ सप्टें.
विलासभाऊंचा मोबाईल बंद. शिरूर अनंतपाळला घरी लावला. बायको म्हणाली, "ते ड्युटीला गेलेत की. सकाळच्या गाडीनं. डबा दिलाय. तिकडं न्हाईत का?"
"आहेत, आहेत. खाली असतील," मी म्हणाले.
म्हणजे घरी सांगितलेलंच नाही.

१५ सप्टें., सोम.
नांदेड. साहेबांनी पाणी, चहा विचारला. मग : "माणूस चुकला की काढायचा. बाकीचे आपोआप सरळ होतात. मी धंद्यात हेच शिकलो."
मी म्हणाले, "सर, दुसरी सही जूनपासून कुणाचीच नाही."
"इन्चार्ज कोण आहे?"
"मी."
"मग हे लेखी देता?"
पंखा फिरत होता. विचार करते म्हणाले. आवाज माझाच होता का, कळलं नाही. येताना बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. वाटेतलं लोहा कधी गेलं, लक्षात नाही.

१७ सप्टें.
मराठवाडा मुक्तिदिनाची सुट्टी. झेंडावंदनाला गेले नाही. कपडे धुतले.

१८ सप्टें.
मंगळवारपासून दुसरी सही मी करतेय. आज गर्दी फार म्हणून लेबलंही मीच लावायला बसले, फरजाना तपासायला. अकराच्या सुमारास तिचा हात थांबला.
"मॅडम... ह्या दोन उलट्या लागल्यात."
माझ्याकडं बघत नव्हती.
खरंच उलट्या होत्या. मी. बावीस वर्षं झाली या कामाला.
"बरं झालं बोललीस," म्हणाले. सतीशला बोलावलं, दोघांसमोर रजिस्टरमध्ये लिहिलं : लेबल चुकलं, माझ्याकडून, फरजानानं पकडलं.
चारला सतीश दारात. ऑगस्टमध्ये त्याच्याकडूनही एक असंच झालेलं. पेशंट परत आला म्हणून निभावलं. "तवा सांगितलं न्हाई. आन आता विलासभाऊचं बघून तर सांगणारच नव्हतो."
सगळे सरळ होतात म्हणे. सगळे गप्प होतात.

२० सप्टें., शनि.
साहेबांना पत्र पाठवलं. रकाना कोरा राहिला तो माझ्यामुळं, माणूस कमी करायला हो मी म्हणाले, हे सगळं. चिठ्ठीची झेरॉक्स जोडली, 'बघू'सकट. लिहून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.
तिथून दवाखान्यात. संगीताची सासू आज स्वतःहून बोलली. "तुमचा मानूस रोज येऊन बसतोय. पयल्या दिवशी म्या लई बोलले त्याला. तरी आला. चहा दिला तर घेतो."
काचेच्या खोलीबाहेर, कोपऱ्यातल्या बाकड्यावर विलासभाऊ. मांडीवर डबा. मी शेजारी बसले.
मग ते म्हणाले, "नळी काढली न्हाई अजून."
"सोमवारी लॅबमध्ये या," मी म्हणाले. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. मलाही नक्की माहीत नव्हतं.

२२ सप्टें., सोमवार
सकाळच्या कुरिअरनं नांदेडचं पाकीट. विलासभाऊंना कमी केल्याचं पत्र, माझ्या हस्ते द्यायचं. माझ्या पत्राबद्दल एक ओळ नाही.
दहाला ते आले. पेशंटांच्या रांगेत बाहेरच बसले. आत बोलावलं, दार लावलं. चिठ्ठीचं सांगितलं. पत्र पाठवलं तेही.
"तुमी कशाला मधी पडलात ताई," म्हणाले.
मग नांदेडच्या पाकिटाचं सांगितलं. म्हटलं, मी हे देणार नाही. साहेबांशी परत बोलते. तुम्ही या कामावर, दुसरी सही मी करते.
जमिनीकडं बघत होते. "आन त्या बाईला काय सांगायचं? त्योच मानूस परत रक्त घेतोय म्हून?"
मी पाकीट माझ्याकडं ओढून घेतलं.
"द्या ते पत्र. घरी दाखवायला कागद तरी व्हईल."
नाही दिलं. ते डबा घेऊन दवाखान्याकडं गेले. साहेबांचे दोन फोन येऊन गेले, घेतले नाहीत. नमुने ५२. पाकीट टेबलावर आहे.