महादेवपुऱ्यात उचललेली तळी

महादेवपुरा, बेंगळुरू
कार्तिक संपता संपता

तीर्थरूप रघुजी अण्णांना धाकट्या पद्माकरचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला असेल, नसेल तर आल्याचा काढा घ्यावा असं कावेरी सांगते. (कावेरी माझी बायको, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण लिहिताना वाचकाला काहीच माहीत नाही असं धरून चालावं, अशी आमच्या विद्यापीठातल्या मॅडमची शिकवण आहे.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही मधेच 'सरी, सरी' (बरं, बरं) म्हणून ठेवून देता. पत्र ठेवून दिलं तरी वाचावं लागतं.

निवृत्तीनंतर मी विद्यापीठात नाव घातलं, हे तुमच्या कानावर आलंच आहे. विषय आहे आजच्या समाजातला जिवंत हिंदू धर्म. जिवंत आहे तर त्याला जगू द्या, अभ्यास कसला करता, असं तुम्ही म्हणाला होतात. ते मी वर्गात सांगितलं आणि चंदना मॅडमनी त्यावर आख्खा तास घेतला. मॅडम वयाने आमच्या मुलीएवढ्या, शिवानीएवढ्या आहेत. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला सर म्हणतात, त्यामुळे शिकवतंय कोण हे नव्या पोरांना लवकर कळत नाही. त्यांचं म्हणणं एकच : पोथीत काय लिहिलंय ते नंतर, आधी घरात माणसं काय करतात ते बघा. आणि बघताना मधे हात घालू नका.

मी आपली खंडोबाची तळी निवडली. आता राग मानू नका, पण गेल्या चंपाषष्ठीला आनेकलच्या घरी तुम्ही जाहीर केलंत की यापुढे तळी बंद. गुडघा खाली बसू देत नाही, मुलं पांगली, ताट उचलायला पाच पुरुष जमत नाहीत, ताट देव्हाऱ्यात ठेवून हात जोडले की झालं. मी मान डोलावली, कारण तुमच्यासमोर मान डोलावण्याचीच मला सवय आहे. घरी येऊन मात्र मला जेवण गेलं नाही. असो. सांगायचा मुद्दा, एका रविवारी आमच्या फ्लॅटमध्ये मी तळीचा घाट घातला, तो निव्वळ अभ्यासासाठी.

पाच जण कुठून आणायचे? मी बघणारा, म्हणजे मी नाही. वरच्या मजल्यावरचे महांतेश विजापूरकडचे. त्यांना भीतभीत विचारलं तर म्हणाले, आमच्या घरचा मैलार तोच की तुमचा खंडोबा, आणि आंघोळ करून खोबऱ्याची वाटी घेऊन हजर. लिफ्ट दुरुस्त करायला आलेले नागनाथ बीदरचे. त्यांनी ताट पाहिलं, पान्हा खाली ठेवला आणि हात धुऊन आले (लिफ्ट तासभर बंद राहिली, त्याबद्दल सोसायटीचं स्वतंत्र पत्र आलं आहे). तुमचा मुलगा विराजही येलहंक्याहून निघाला होता, पण तो रिंग रोडवर अडकला. उरल्या कावेरी आणि शिवानी. त्या आपणहून पदर आणि ओढणी सावरून ताटाशी बसल्या. हे वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, ती तशीच ठेवून पुढे वाचा.

मी कोपऱ्यात फोन धरून चित्रण करत होतो. चौघांनी ताट उचललं. महांतेश कानडीत 'एळुकोटी' म्हणाले, बाकीचे 'येळकोट', आणि दोन्ही एकाच ठेक्यात बसलं. दुसऱ्यांदा उचलताना माझ्या बाजूला, जिथे पाचवा हात हवा होता, तिकडे ताट कललं. सुपारी घरंगळली. अण्णा, मी फोन टाकला आणि ताट धरलं. आवाजही माझाच सगळ्यांत मोठा निघाला. भंडारा असा उधळला की पंख्यावर बसला. तेवढ्यात शिवानीने आणलेलं ते आपोआप झाडणारं यंत्र आपल्या ठरल्या वेळेला जागं झालं आणि भंडाऱ्यातून फिरून उघड्या दाराने बाहेर पडलं. शेजारच्या मल्याळी बाईंच्या उंबऱ्यापर्यंत पिवळा पट्टा गेला. मी माफी मागायला धावलो, तर त्यांनी चिमूटभर उचलून कपाळाला लावला आणि प्रसाद काय आहे ते विचारलं. प्रसाद होता भरीत आणि रागीचा रोडगा. (बाजरीऐवजी रागी हे आपल्या कुठल्या पणजीने सुरू केलं हे मी शोधतो आहे, तिनेही तेव्हा कुणाची परवानगी घेतली नसावी.) विराज आला तेव्हा भरीत संपलं होतं. त्याने भंडारा लावला, कोरडा रोडगा खाल्ला आणि विचारलं, "काका, चंपाषष्ठीला आनेकलला करू या ना? आप्पा हो म्हणतील?" तुमच्या वतीने हो म्हणायची माझी छाती नाही.

चित्रणात नुसतं छत आलं आहे, त्यावर आमचे आवाज. तेच मॅडमना दाखवलं आणि हात घातल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही धरलं नसतं तर ताट पडलं असतं. एवढंच लिहा." मी तेवढंच लिहिलं.

वहिनींना नमस्कार. पत्राला उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

आपला,
पद्माकर

ता. क. उत्तर दिलं नाहीत तर चालणार नाही. चंपाषष्ठीला आम्ही सगळे आनेकलला येतो आहोत. महांतेश येणार, नागनाथ सुट्टी काढणार. ताट टेबलावर ठेवू आणि भोवती खुर्च्या मांडू. देव घोड्यावर बसतो, तुम्ही खुर्चीवर बसलात तर त्याची काही हरकत नसावी. अभ्यासासाठी मला आनेकलची मूळ तळी पाहणं फार गरजेचं आहे, एवढं समजून घ्या.

आणखी एक. कावेरीने पत्र वाचलं आणि खरं लिहा म्हणाली. अभ्यास गेल्याच महिन्यात लिहून दिला, मार्कही मिळाले. आता पाहायचं काही उरलेलं नाही. अण्णा, तळी बंद करू नका.