घोडीच्या बदल्यात

वेस्ट हॅलम, मॅसॅच्युसेट्स
सोमवार, १२ ऑगस्ट १७७६

चिरंजीव सायलस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुझी पॅटी जिना चढायला शिकली आहे, उतरायला अजून शिकलेली नाही, त्यामुळे माझे दिवस जिन्यातच जातात.

न्यूयॉर्कच्या छावणीतून आलेलं तुझं पत्र मिळालं. दोन पानांत ‘स्वातंत्र्य’ अकरा वेळा आणि मोजे तीनदा. मोजे पाठवले आहेत. एका जोडीची टाच लांबट झाली आहे, पण ती उसवून पुन्हा विणायला मला वेळ नाही, तशीच घाल. गवत कापायला यंदा माणूस मिळाला नाही, कारण सगळी माणसं राजाशी भांडायला गेली आहेत. झिल्पाने आणि मी कापलं. मिठाचा पत्ता नाही. आईच्या कथलाच्या थाळ्या बंदुकीच्या गोळ्यांसाठी मागून नेल्या, आता लाकडी ताटलीत जेवतो. तक्रार नाही करत. करते आहे, खरं तर. पण ती राजाविरुद्ध आहे असं समज.

तू मागितलेल्या घोडीचं पुढे लिहिते.

इथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला. प्रत्येक चर्चमध्ये तो वाचून दाखवा असा बोस्टनहून हुकूम होता, म्हणून गेल्याच्या गेल्या रविवारी दुपारच्या प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी वाचला. उकाडा असा की पंखे हलवून हात दुखले. राजाच्या अपराधांची यादी संपता संपेना. मिस्टर थॅचर मधेच घोरले, पण शेवटी सगळ्यांच्या आधी उभे राहिले आणि डोळे पुसले. मीही पुसले. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला होता.

झिल्पा नेहमीप्रमाणे चर्चच्या माडीवर, काळ्या माणसांच्या बाकांवर बसली होती. घरी येताना पॅटी तिच्या कडेवर होती.

“बाई, सुरुवातीला पाद्रीबाबांनी काय वाचलं ते पुन्हा सांगाल?”

“ऐकलंस ना तू?”

“ऐकलं. पण मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.”

सगळी माणसं जन्माने सारखी आणि स्वातंत्र्य हा त्यांचा देवाने दिलेला हक्क, असं मी सांगितलं. वर म्हटलं, “ते राजाला उद्देशून आहे.”

“सगळी म्हणाले ना पण?”

“सगळी म्हणजे...” आणि मी अडकले, सायलस. मी, जिने गावातल्या अर्ध्या पोरांना अक्षरओळख करून दिली. “गाईची धार काढायची वेळ झाली,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर थॅचर दारात. सोबत ती तपकिरी घोडी. तुझं त्यांनाही पत्र गेलं होतं म्हणे. सौदा ठरला आहे, घोडी ठेवून घ्या आणि बाई पाठवा. तिचं सामान फार नसेलच, असंही म्हणाले. काल वाचलेल्या कागदाचं कौतुक चाललंच होतं, “काय शब्द आहेत हो, काय शब्द!” बोलता बोलता घोडीचे ओठ वर करून त्यांनी मला तिचे दात दाखवले. मग हात पुसत म्हणाले, “आता तिलाही जरा बाहेर बोलवा. मलाही नीट पाहून घ्यायला हवं.”

कागद तयार नाही, बुधवारी या, असं सांगून मी त्यांना घोडीसकट परत पाठवलं. तेव्हाही मला फक्त वेळ काढायचा होता. मी त्याहून चांगली होते असं समजू नकोस.

झिल्पा दाराआड लोण्यासाठी साय घुसळत होती. हात थांबला होता.

“मला घोडीच्या बदल्यात देताय?”

“मी नाही. सायलस.”

“कागद कोण लिहिणार?”

“मी.”

“मग तुम्हीच.”

मी खूप बोलले तिला. छप्पर कोणी दिलं, अन्न कोणी दिलं, आजारपणात कोणी पाहिलं. जे जे बोलतात ते सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “साहेबांच्या बायकोला शेवटच्या दिवसापर्यंत मी उचलून बसवत होते. तिच्यामागे या पोरीला मी जगवलं. साहेबांनी कुठल्या पत्रात लिहिलंय का कधी?”

लिहिलं असेलच, म्हणून मी तुझी पत्रं काढून बसले. नऊ पत्रं, सायलस. गाईचं नाव आहे, कुत्र्याचं दोनदा आहे. झिल्पा फक्त एकदा सापडली, घोडीच्या पत्रात, आणि तिथेही ‘ती बाई’.

आता ऐक. सौद्याचा मजकूर मी इथे भरावा म्हणून तू जो कोरा कागद सही करून पाठवला होतास, त्यावर मी मजकूर भरला. आजपासून झिल्पा कोणाच्याही मालकीची नाही, असा. मालकी हा शब्द लिहिताना माझा टाक अडखळला. आपल्या घरात तो कधी उच्चारला नव्हता. सोळा वर्षं आपण ‘आपली झिल्पा’ म्हणायचो. तोच अर्थ होता त्याचा.

तिला वाचून दाखवला. झिल्पा प्रेंटिस, असं आपलं आडनाव लावून लिहिलं होतं.

“ते आडनाव खोडा.”

“मग कोणतं लिहू?”

“जागा सोडा. घाईत नको. मला विचार करू दे.”

मला राग आला, कारण कागदावर डाग पडला. पण खोडलं, आणि जागा सोडली.

मोकळं केलेलं माणूस पुढे गावावर भार होऊ नये, म्हणून कोणीतरी जामीन राहावं लागतं. बाबांनी मला दिलेली सफरचंदांची बाग मी तारण लिहून दिली. गावच्या कारकुनाने विचारलं, “भाऊ काय म्हणेल?” मी म्हटलं, सही त्याचीच आहे.

गुरुवारी सकाळी ती गेली. न्यूबरीपोर्टला तिचा नवरा केटो दोरखंडाच्या कारखान्यात आहे. सहा वर्षांच्या लग्नात वर्षातून दोनदा भेट, तीही आपल्या परवानगीने. पॅटीला भरवलं, तिचं तोंड पुसलं आणि निघाली. मी फाटकाशी उभी होते. आभार मानेल म्हणून थांबले होते, हे लिहायलाही लाज वाटते. “पोरीचे कान थंडीत उघडे ठेवू नका,” म्हणाली आणि वळूनही न पाहता चालू लागली. रस्ता संपेपर्यंत मी तिथेच होते. मग मनात आलं, तिने कशाबद्दल आभार मानायचे होते?

पॅटी गेले चार दिवस ‘झिप्पा, झिप्पा’ करत दारापाशी जाऊन बसते. तिला घेऊन मी रात्री जिन्यावरच झोपते. बुधवारी घोडी परत न्यावी लागली, तेव्हापासून थॅचर गावभर सांगत फिरतात की मी भावाला फसवलं. खरं आहे ते. तू परत येऊन न्यायाधीशापुढे तसं सांगू शकतोस. फक्त तुला सगळ्या गावासमोर उभं राहून म्हणावं लागेल, की या कागदावर सही केली तेव्हा माझ्या मनात कोणाचं स्वातंत्र्य नव्हतं. म्हणता आलं तर म्हण. मी नाकारणार नाही.

घोडी मिळणार नाही. बाकीच्यांसारखा पायी चाल, पाय कोरडे ठेव, आणि गोळी येईल तेव्हा उगीच ताठ उभा राहू नकोस. माझ्यावर चिडायला तरी जिवंत परत ये. एवढी एक गोष्ट मी तुझ्याकडे मागते आहे.

पस्तावलेली, पण गेल्या आठवड्याबद्दल नव्हे, त्याआधीच्या सोळा वर्षांबद्दल,
तुझी ताई,
जेरुशा