पाठीमागून मोजलेली लाट

वायमेआ, ओआहू
१७ जानेवारी १९९९

प्रिय मकानादादास,
पुआचा आलोहा.

तू आणि वहिनी बरे असाल. इथे ठीक आहे. दारातल्या नीरफणसाला यंदा फळं कमी धरली. शेजारच्या हाउलानीमावशी म्हणाल्या, "झाडाला पाणी घालतेस, की नुसती बघत बसतेस गं?" बघतच बसते, खरं तर.

स्वयंपाकघराची खिडकी बदलून घेतली. आता अख्खी खाडी दिसते. एकोणसत्तर साली समुद्र आपलं खालचं घर घेऊन गेला, तेव्हा बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून काय म्हणाले होते, आठवतं? "असेल वीस-पंचवीस फूट." तू ओरडलास, "बाबा, माडावरून आली लाट!" तर तुलाच टपली. "समोरून मोजतात ते पाहुणे. आपण पाठीमागून मोजायची. समुद्रापुढे फुशारकी नको." त्या चिखलात आपण किती हसलो होतो!

अजूनही इथे तसंच मोजतात. समोरून जी तीस फूट, ती आपली पंधरा.

तुझ्या नोहेआची लाटांवर स्वार व्हायची धाकटी फळी ओसरीतच आहे. वरच्या मेणावर तिच्या टाचेचा ठसा आहे, म्हणून पुसत नाही.

दादा, त्या सकाळी तिचा होनोलुलूहून फोन आला होता. हे मी तुला सांगितलेलं नाही.

"आत्या, उठलीस का? खिडकीतून बघ ना. किती आहे?"

मी एका हातात चहाचा कप घेऊन पाहिलं. "पंधरा."

"एवढीच? मग येतेच मी. गेल्या महिन्यात तिकडे वीस फुटांची घेतली, बाबांना विचार."

"घेतली असशील. आधी खायला ये, हडकुळे."

"आधी लाट, मग भात!" हसली आणि फोन ठेवला.

तिची वीस म्हणजे कॅलिफोर्नियातली वीस, समोरून मोजलेली. फोन ठेवताना ते माझ्या लक्षात आलं होतं, दादा. अगदी स्पष्ट. लगेच उलटा फोन करता आला असता. पण मला फार बरं वाटलं होतं. चोवीस वर्षांची झाली, आणि पहिल्यांदाच तिनं मला घरच्या माणसासारखं विचारलं होतं, बाबांना आपण विचारायचो तसं. 'बाई, तुझं माप वेगळं' असं म्हणून तिला पाहुणी करायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, आल्यावर आपल्या डोळ्यांनी बघेलच. मी शाळेच्या भटारखान्यात कामाला निघून गेले.

ती आली तेव्हा समुद्र गप्प होता. लाटांच्या दोन झुंडींमध्ये वीस मिनिटं असतो तसा. किनाऱ्यावरच्या रक्षकांनी हटकलं, तर म्हणाली, "आत्यानं पाहिलंय, ती इथलीच आहे." त्यांनाही ते पुरलं. पुढची झुंड आली तेव्हा ती सगळ्यांत आत होती.

रक्षकांनी हे मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, दादाला नका सांगू, मी सांगते.

कित्येक महिने तुझ्यावरच चिडत राहिले. पोरीला आपलं माप का नाही शिकवलं त्यानं, म्हणून. सोपं होतं ते.

मग तिच्या अस्थी सोडायला सगळे फळ्यांवरून आत गेलो, गोल करून बसलो, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "माझ्या पोरीनं कधी कुणाचं ऐकलं नाही." फुलांची माळ माझ्या हातात होती. मी ती पाण्यात सोडली.

तिनं ऐकलं होतं, दादा. माझं ऐकलं.

परवा वर्ष होतंय. हे पत्र तुला त्यानंतरच मिळेल. मी यंदा माळ केलेली नाही. तू मला पुन्हा कधी हाक मारली नाहीस तरी चालेल, पण तिच्याबद्दल ते वाक्य पुन्हा बोलू नकोस.

त्या दिवशी लाट तीस फुटांची होती. समोरून.

पुआ