गुत्त्यावरून गीतं गात

प्रिय सासूबाईंना,

प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम. तुमचा गुडघा कसा आहे?

रविवारी तुमचे चिरंजीव चर्चमध्ये मंडळीसमोर उभे राहून म्हणाले, "पगाराच्या दिवशी माझे पाय अजून गुत्त्याकडे वळतात. प्रार्थना करा." मी शरमेने मान खाली घातली. तेवढ्यात मागून सुतारभाऊ उठले, "माझेही वळतात हो!"

काल पगार झाला. दोघं जोडीने निघाले ते गुत्त्यावरून न थांबता, प्रभूची गीतं गात थेट घरी. जिन्यातला आवाज ऐकून मी दाराकडे धावले. शेजारीण म्हणाली, "परत प्यायले वाटतं?"

दार उघडून वास घेतला, तर काही नाही! "नाही हो," मी म्हटलं, "गळाच तसा आहे."

दोघांना जास्त साखरेचा चहा दिला. स्वस्तात पडलं.

पुढच्या पगाराच्या दिवशीही आठवणीने प्रार्थना करा. सुतारभाऊंचंही नाव घ्या.

प्रभूमध्ये तुमची,
धाकटी सून