स्टिअरिंगची भेग

३ मार्च
आलो बुवा एकदाचे हवानाला. सासूच्या घरात पडदा लावून संसार करायचे दिवस संपले. गाडीच्या मालकीण ओब्दुलियामावशींनी ड्रायव्हरची नोकरी दिली आणि वर गॅरेजवरची खोली. युस्लेदीला सहावा महिना; खिडकीतून समुद्र पाहून बाईसाहेब चक्क रडल्या. गाडी एकावन्न सालची, लांबलचक, पिस्ता रंगाची. पर्यटक खुळावतील. फक्त स्टिअरिंगला भेग आहे, बोट जाईल एवढी. मी म्हटलं, मावशी, दुसरं बसवू. त्या म्हणाल्या, त्याआधी ड्रायव्हर दुसरा बसवीन, माझ्या रोहेलिओच्या हातचं आहे ते. रोहेलिओ म्हणजे त्यांचा मेलेला नवरा. बाई खमकी आहे.

७ मार्च
भेग बुजवायची तर आधी कानशीनं रुंद करावी लागते, मग त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. घासली तर आतून ओलसर लाल भुकटी निघाली. गंज म्हणावा, तर प्लास्टिकला कसला गंज? तळहातही कापला. युस्लेदी म्हणते, मेकॅनिक म्हणवतोस नि स्वतःलाच कानस लावतोस.

११ मार्च
लांबी दोनदा भरली, दोनदा गळून पडली. आज समुद्राकाठच्या रस्त्यावर एक बाई नवऱ्याच्या हातात हात घालून चालली होती. मी जीव खाऊन डावीकडे ओढत होतो, स्टिअरिंग उजवीकडे फिरलं. तिचा पाय गुडघ्याखाली चिरडला. तो आवाज कानातून जात नाही. पोलिसांनी ब्रेक निकामी असं लिहून घेतलं. नोकरी सोडावी तर खोली जाते. पोटुशी बायको कुठे नेऊ?

१३ मार्च
आज शेवटचा उपाय. घट्ट लांबी भरून, ती सुकेपर्यंत तेल चोळलेल्या मुठीनं स्टिअरिंगचं चाक आवळून बसायचं. इथले सगळे ड्रायव्हर असंच करतात, बोटांचे ठसे उठले की पकड छान येते. डावा हात चाकावर, उजव्यानं हे लिहितोय. युस्लेदी पावाच्या रांगेत गेलीय.

हात निघत नाही.

भेग मिटतेय — बोटं आत. करंगळी मोडली.

मावशींना हाका मारल्या. आल्या, गाडीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, रोहेलिओ याच गाडीनं मला चिरडायला निघाला होता. भिंतीवर आदळला, कपाळ स्टिअरिंगवर फुटलं, त्याचीच ही भेग. त्याला बायको मारायचीच आहे. आधीच्या दोघा ड्रायव्हरांच्या बायका गेल्या, म्हणून मी वाचले. वाईट वाटतं रे बाळा, पण मला जगायचंय. आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

किल्ली माझ्या खिशात आहे. इंजिन सुरू झालं.

ब्रेक दाबून धरलाय —

फाटकात युस्लेदी. पळ म्हणून ओरडलो. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू जाईना. हसून पाव उंच करून दाखवला.

सीटखाली करवत सापडली. मनगटावर धरली. आई गं —

अर्धं हाड —

तुटला. हात तुटला, मी सुटलो — दार उघडत नाही. मूठ तशीच चाकावर — माझी मूठ — ती चाक वळवतेय, फाटकाकडे — ब्रेक तळाला गेला, लागत नाही — युस्ले