विमानाच्या चाकाची लाल चिंधी

हुडकेश्वर, नागपूर
९ फेब्रुवारी

प्रिय वसंतराव यांस,
गोपाळचा सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायला जरा उशीर झाला, माफी असावी. बारा वर्षांना जरा म्हणता येणार नाही, पण सुरुवात कशी करावी हे सुचत नव्हते, आणि सुचले की पेन सापडत नव्हते. तब्येत कशी आहे? गुडघे कसे आहेत? प्रेमिलावहिनींची शुगर? (मला कोणी काही सांगितलेले नाही. आपल्या वयात प्रत्येक घरात एवढे असतेच, म्हणून अंदाजाने विचारतो.) मी बरा आहे. झोपण्यापूर्वी चार वेळा गॅस बंद आहे का पाहावे लागते, एवढेच.

लिहिण्यास कारण, मी विमानात बसलो आणि तिथे तुमची आठवण आली. तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे ठाऊक आहे. पण विमानात जे झाले ते आपल्या वीजघराच्या कोळसा विभागातल्या माणसालाच कळेल, आणि त्यातले तुम्हीच उरलात. हे वाचून पुन्हा बोलाल का, एवढेच मला पाहायचे आहे.

सूनबाई अस्मिता पुण्याला बाळंत झाली. मुलगा झाला. आमची ही, सरिता, दोन महिने आधीच तिकडे गेली होती, त्यामुळे मला एकट्यानेच जायचे होते. मी अंकुशला म्हटले, मी रेल्वेने येतो. तर पोरगा म्हणतो, "बाबा, रेल्वेत तुम्ही रातभर सामानाची साखळीच तपासत बसता. दुसऱ्या लोकायलेही झोपू देत नाही." आणि त्याने विमानाचे तिकीट काढले.

चार तास आधी विमानतळावर पोचलो. तिथे पट्टा काढायला लावला. एका हाताने पँट धरली, दुसऱ्या हातात संत्रा बर्फीचा डबा. जवानाने विचारले, "अंकल, इसमें क्या है?" मी इतका घाबरलो की डबा उघडून त्याच्यापुढे केला. (त्याने घेतली नाही. मागच्या बाईंनी घेतली.)

खिडकीची जागा मिळाली. शेजारी करिष्मा नावाची पुण्याला नोकरी करणारी मुलगी होती. सूचनांचा कागद मी दोनदा वाचला. सीटखाली जाकीट आहे का ते हात घालून पाहिले. मग तिच्या सीटखालीही पाहू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "काका, माझं आहे. तुम्ही बसा ना आरामात."

बसलो असतो, वसंतराव. विमान थोडे मागे ढकलले गेले, आणि खाली एक माणूस चाकापासून निघून बाजूला आला. त्याच्या हातात लाल चिंधी लावलेली खीळ होती. ती त्याने चाकातून उपसून काढली होती!

आपला नियम तुम्हाला मी काय सांगावा. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर माणूस चढला की त्याने स्वतःची लाल पाटी स्विचवर टांगायची, आणि ज्याची पाटी त्यानेच उतरवायची. दुसऱ्याने बोट लावायचे नाही, कारण लाल म्हणजे आत माणूस आहे. फोरमनला काढायचीच झाली तर आधी तीन हाका देऊन. त्यावरूनच तर आपले तुटले. तुम्ही माझी पाटी काढून पट्टा सुरू केला, मी चौकशीत सांगितले की हाक न देता काढली, आणि निवृत्तीच्या तोंडावर तुमची फोरमनकी गेली.

मी ताडकन उठलो (म्हणजे उठू लागलो, पोटावर पट्टा होता) आणि ओरडलो, "थांबवा! त्यानं लाल काढलं! आत कोणी असन तर?"

"चाकात कोण राहीन काका?" करिष्मा म्हणाली.

"अवं पोरी, आम्हीबी असंच म्हणत होतो!"

हवाईसुंदरी आली. तिने पाणी दिले आणि समजावले, की अंकल, ती खीळ विमान ढकलताना लावतात आणि उडण्याआधी काढतात, ती राहिली तरच धोका. मी तिला म्हटले, बाई, तुम्ही पाटी कोणाची ते विचारले का? तिने पाण्याचा पेला पुन्हा पुढे केला. पण तेवढ्यात मी खाली पाहिले. तो माणूस चिंधी डोक्याच्या वर धरून उभा होता. पायलटला दाखवत होता. पायलटकडून खूण येईपर्यंत त्याने हात खाली केला नाही. मग सलाम करून तो गेला आणि मी खाली बसलो.

विमान उडाले. खाली आपल्यासारख्या कुठल्याशा वीजघराच्या चिमण्या दिसल्या, त्यांचा धूर माझ्यापेक्षा खाली होता. आयुष्यभर मान वर करून पाहिलेला धूर. करिष्माने विचारले, "कोणाची पाटी म्हणत होते काका?" मी तिला आपली सगळी हकीकत सांगितली. लक्ष देऊन ऐकली तिने. मग म्हणाली, "पण त्या वसंतकाकांनी खरंच हाक नव्हती दिली काय?"

मी सूचनांचा कागद तिसऱ्यांदा वाचायला घेतला.

पुणे दीड तासाच्या आत आले. हुडकेश्वरहून आपल्याच गावातल्या लकडगंजला तुमच्या घरी यायला याहून कमी वेळ लागतो, हे मला उतरताना जिन्यावर सुचले आणि मी तिथेच थांबलो. मागची माणसे ओरडली.

नातू चांगला आहे. मी मांडीवर घेतला की रडतो, सरिताने घेतला की झोपतो.

तर वसंतराव, आता आपण सत्तरीला आलो. झाले गेले मी विसरलो असून तुम्हाला मोठ्या मनाने क्षमा केली आहे, असे समजावे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
गोपाळ

ता.क. येताना मी रेल्वेनेच आलो. साखळी दोनदाच तपासली.

ता.क. दुसरा. पत्र पाकिटात घालून परत काढले. वर क्षमा केली असे लिहिले आहे, ते वाचू नये. खोडले असते, पण कागद फाटला असता. तुम्ही हाक दिली होती. तीनदा. "गोपाळ, आहेस का गा आत?" अशी. मी आत नव्हतोच. काम संपवून, पाटी तशीच टांगून, कोळशाच्या क्रशरच्या मागे पोत्यांवर झोपलो होतो. पहिल्या हाकेलाच जाग आली. वाटले, साहेब बरोबर असेल, झोपलेला सापडलो तर नोकरी जाईल. म्हणून पडून राहिलो. पट्टा सुरू झाला तेव्हा मात्र घाबरून धावत बाहेर आलो, लोक जमले, आणि हाक आली नाही असे जे एकदा तोंडातून निघाले तेच चौकशीत सांगत गेलो. तुम्ही आत डोकावूनही पाहिले असणार. तुम्ही तसेच आहात. त्या पोरीला मी हे सांगितले नाही. सरितालाही नाही.

बारा वर्षे वहिनींना वाटत असेल, आपल्या माणसाच्या हातून एक जीव जाता जाता राहिला. एवढा ता.क. त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. बाकीचे पत्र दाखवले नाही तरी चालेल.

ता.क. तिसरा. शिव्या द्यायच्या असतील तर पोस्टकार्डावर द्या, पोस्टमनने वाचल्या तरी हरकत नाही. पण लवकर कळवा. तुमचे दोन शब्द आल्याशिवाय लकडगंजच्या रस्त्याने यायचा माझा धीर होणार नाही.